तुम्ही विचारलंत म्हणून: सायटेशन एवढेच कसे?

"मॅडम, तुमचा एच-इंडेक्स किती?" वर्ध्याच्या आसपासच्या कॉलेजांतून प्रोजेक्टसाठी येणारी मुलं लॅबमध्ये रुळली की हे विचारतातच. लग्नकार्यातही कुणीतरी भाचा मोबाइलवर माझं नाव टाकून बघतो आणि म्हणतो, "मावशी, एवढी वर्षं रिसर्च केलं, मग सायटेशन एवढेच कसे?" विचारणाऱ्याच्या मनात काही वाकडं नसतं, म्हणून नीट उत्तर देते.

माझा एच-इंडेक्स 14. म्हणजे माझे 14 पेपर असे आहेत, की त्यांतल्या प्रत्येकाचा उल्लेख, म्हणजेच सायटेशन, इतरांच्या पेपरांत निदान 14 वेळा झाला आहे. ही मोजणी जॉर्ज हिर्श या भौतिकशास्त्रज्ञाने 2005 साली सुचवली. आता नोकरी, बढती, ग्रँट, कुठेही जा, आधी हा आकडा विचारतात.

माझं काम हत्तीपायावर, त्यातही शरीराच्या प्रतिकारशक्तीवर. हा रोग आपल्या वर्धा, नागपूर, भंडारा, चंद्रपूर, गडचिरोलीकडे जुना. डासातून आलेला जंत लसीकावाहिन्यांत, म्हणजे शरीरात पाझरलेलं पाणी वाहून नेणाऱ्या नळ्यांत, वर्षानुवर्षं मुक्काम ठोकतो आणि त्याची पिल्लं रात्री रक्तात फिरतात. म्हणून रक्तही रात्रीच घ्यावं लागतं. कापूस वेचून आलेल्या बाया जेवणं आटोपून अंगणात बसतात, बोटाला सुई टोचून थेंब काचेवर पसरायचा, वाळवायचा. लॅबमध्ये ती काच साध्या पाण्यात धरली की लाली सुटून जाते आणि काचेवर फिकट डाग तेवढा उरतो. मग रंग द्यायचा. सूक्ष्मदर्शकाखाली पातळ वेष्टणातला एक वळसेदार धागा दिसतो, आत जांभळ्या ठिपक्यांची रांग. शेपटीच्या टोकाला ठिपके नसले, की समजायचं, हा वुचेरेरिया बँक्रॉफ्टी, हत्तीपायाचा जंत.

अशाच एका बाईंनी मला विचारलं होतं, "काहून जी मॅडम, मले तं काईच तरास नाई. मंग माह्या रक्तात जंतू कसे निंघाले?"

माझ्या विषयातला सगळ्यात कठीण प्रश्न हाच आहे. रक्तात हजारो पिल्लं असूनही माणूस ठणठणीत, आणि शेजारच्या घरात पाय सुजलेल्या माणसाच्या रक्तात बहुतेकदा एकही पिल्लू सापडत नाही. पहिल्याच्या रक्तात आयजीजी-4 नावाची प्रतिपिंडं भरपूर असतात आणि इंटरल्युकिन-10 हा शांत करणारा रेणूही वाढलेला असतो. जंत आपल्या प्रतिकारशक्तीचा जोर उतरवतो आणि निवांत राहतो. त्यासाठी तो आपल्याच शरीरातल्या नियामक टी-पेशी, म्हणजे प्रतिकारशक्तीला आवर घालणाऱ्या पांढऱ्या पेशी, कामाला लावतो.

या पेशींची गोष्ट मी मुलांना आवर्जून सांगते. प्रतिकारशक्तीला आवर घालणाऱ्या टी-पेशी असतात, ही कल्पना 1970 च्या सुमारास जोरात होती. पुढे 1980 च्या दशकात तिचा एक मोठा आधार कोसळला: ज्या रेणूवर सगळी भिस्त होती, त्याचं जनुकच जिथे असायला हवं तिथे सापडेना. मग विषय इतका बदनाम झाला की लोक त्याचं नाव काढेनात. जपानचे शिमोन साकागुची मात्र त्यालाच धरून राहिले. 1995 साली त्यांनी सीडी-25 ही खूण असलेल्या पेशी दाखवल्या. 2001 मध्ये मेरी ब्रंको आणि फ्रेड रॅम्सडेल यांच्या गटाने फॉक्सपी-3 हे जनुक शोधलं; पुढे तेच या पेशींचं मुख्य जनुक ठरलं. तिघांना 2025 चं नोबेल मिळालं. मधल्या पडत्या काळात कुणी या विषयाची किंमत सायटेशनवर केली असती, तर तो केव्हाच गुंडाळला गेला असता. आज त्याच पेशींवर पेपरांचा पूर आहे.

दुसरं टोकही बघा. जगात सर्वाधिक उल्लेख झालेला पेपर ऑलिव्हर लाउरी यांचा, 1951 चा. उल्लेख तीन लाखांहून जास्त. त्यात आहे काय, तर द्रावणात प्रथिन किती ते मोजायची रीत. खुद्द लाउरींनाही तो आपला थोर पेपर वाटत नव्हता. पण जगभरच्या लॅबना ती रीत रोज लागली, आम्हालाही लागली.

तर भाच्या, तुझ्या "एवढेच कसे"चं उत्तर असं: उल्लेख तोच करतो जो स्वतः पेपर लिहितो. कॅन्सरच्या इम्युनोथेरपीवर, म्हणजे प्रतिकारशक्तीच्या जोरावर केलेल्या उपचारांवर, लिहिणाऱ्या लॅब अगणित आहेत. हत्तीपाय गरिबांच्या वस्तीतला, नाल्याकाठचा रोग. त्यावर काम करणाऱ्या लॅब जगभरात थोड्याच. आणि आमच्या कामाचा उपयोग ज्यांना जास्तीत जास्त होतो, त्या आशाताई. सुजलेला पाय साबणाने धुवायचा, बोटांच्या बेचक्या कोरड्या करायच्या, म्हणजे त्वचेच्या भेगांतून जिवाणू शिरत नाहीत आणि तापाचे झटके कमी होतात, हे त्या दारोदार बसून शिकवतात. त्या पेपर लिहीत नाहीत.

असं असलं तरी सायटेशन मला प्रिय आहेत, हे मनापासून सांगते. नवा उल्लेख आला की मी तो पेपर उघडून पूर्ण वाचते. बरेचदा आमचं नाव इतर चार नावांसोबत प्रस्तावनेत असतं आणि विषय तिथेच संपतो. पण एकदा दूरच्या देशातल्या एका गटाने रक्तातल्या आयजीजी-4 वरून लागण ओळखायची आमची चाचणी त्यांच्या गावांत करून पाहिली आणि लिहिलं, मोठ्यांत ठीक चालते, लहान मुलांत कमी पडते. यादीत तेही एकच सायटेशन. माझं नंतरचं सगळं काम त्यातून निघालं.

कारण मुलांचंच रक्त महत्त्वाचं आहे. सामूहिक औषधोपचाराच्या, म्हणजे गावातल्या सगळ्यांना गोळ्या द्यायच्या, फेऱ्या झाल्यावर रोगाचा फैलाव थांबला का, हे सहा-सात वर्षांच्या मुलांना तपासून ठरवतात. या मुलांचं बहुतेक आयुष्य औषधं सुरू झाल्यानंतरचं असतं. ठरलेल्या मर्यादेपेक्षा जास्त मुलांत जंताचा अंश सापडला, तर डास अजून रोग पसरवतोय. आकडा मर्यादेच्या आत राहिला, तर त्या भागात गोळ्या थांबवता येतात. सध्या आम्ही या वयाच्या मुलांत लागण लवकर कशी ओळखता येईल ते शोधतोय. पुढच्या महिन्यात शाळेशाळेतून नमुने घ्यायला जायचं आहे, प्रोजेक्टची मुलं सोबत असतील.