पगाराआधी झोप ठरवा : मोठ्या घरी लेकरू सांभाळायला जाणाऱ्यांसाठी

लातूर, परभणी, नांदेड, बीडकडून मुंबईत चोवीस तासांच्या कामाला निघालेल्या बाईचा फोनवरचा पहिला प्रश्न असतो, "महिन्याला किती देणार?" घर सिनेमावाल्यांचं किंवा एखाद्या बड्या उद्योगपतीचं असलं की आकडा ऐकूनच होकार जातो. माझं म्हणणं असं की आकडा नंतर विचारा. आधी विचारा, मला सलग झोप कधी मिळणार आणि तेवढा वेळ बाळ कोणाकडे राहणार? या कामात घडणाऱ्या बहुतेक चुकांचं मूळ जागरणात असतं.

हिशोब साधा आहे. नवजात बाळ दिवसरात्र मिळून आठ ते बारा वेळा दूध पितं. दूध कोमट करा, पाजा, खांद्यावर घेऊन ढेकर काढा, डायपर बदला, पुन्हा झोपवा, यात तास जातोच. पुढच्या दुधापर्यंत तुमच्या वाट्याला एक-दोन तास उरतात, तेही डोळा लागला तर. सकाळ झाली की अंघोळ, बाटल्या, बाळाचे कपडे सुरू. म्हणून बोलणीतच सांगा : रात्र माझ्याकडे असेल तर दिवसा सलग सहा तास बाळ दुसऱ्या कोणाकडे पाहिजे, आणि त्या वेळात मला हाक मारायची नाही. दिवसाची आणि रात्रीची बाई वेगळी असेल तर पगार थोडा कमी असला तरी ते घर घ्यावं. हे सगळं व्हॉट्सॲपवर लिहून मागा. तोंडी शब्द आठवड्याभरात विरतो, आणि त्यात कोणाची लबाडीच असते असं नाही. घरात माणसं वाढतात, पाहुणे येतात, शूटिंगच्या वेळा बदलतात.

जागरणात पहिली चूक बाटलीत होते. पावडरच्या दुधाला आधी उकळलेलं पाणी मोजून बाटलीत घ्यायचं, मग पावडर. पाणी उकळल्यावर अर्ध्या तासाच्या आत वापरायचं, म्हणजे ते ७० अंशांच्या वर असतं आणि पावडरमधले जंतू मरतात. दूध बनल्यावर बाटली नळाखाली धरून निववायची आणि मनगटावर थेंब टाकून बघायचा. बहुतेक डब्यांवर ३० मिली पाण्याला एक सपाट चमचा असं प्रमाण असतं, पण डबा बदलला की पुन्हा वाचा. चमचा त्याच डब्यातला हवा. पहाटे तीनला चार चमचे पडले की पाच, हे आठवत नाही. जास्त पडले तर दूध घट्ट होऊन बाळाला शी कडक होते, अंगातलं पाणी कमी पडतं. पाणी जास्त झालं आणि तसं रोज होत राहिलं तर रक्तातलं मीठ उतरून झटके येऊ शकतात. उपाय संध्याकाळी करून ठेवायचा : तीन कप्प्यांची डबी मिळते, तिच्यात रात्रीच्या तीन वेळांची पावडर शुद्धीत असताना मोजून भरा. उरलेलं दूध पुढच्या वेळेला ठेवू नका, ओतून द्या.

आईचं काढून ठेवलेलं दूध असेल तर पिशवीवर तारीख आणि वेळ पेनाने लिहा. फ्रिजमध्ये ते चार दिवस टिकतं, बाहेर चार तास. जुनं आधी वापरा. मायक्रोवेव्ह नको, दूध कुठे गार कुठे चटका देणारं होतं. वाटीभर गरम पाण्यात पिशवी धरली की पुरतं. वर साय धरल्यासारखं दिसलं तर ते नासलेलं नसतं, हळू फिरवलं की मिसळतं.

दुसरी चूक औषधाची, आणि ही जिवावर बेतू शकते. तापाचं पॅरासिटामॉल लहान बाळाला थेंबांच्या बाटलीतून देतात आणि मोठ्याला सिरपमधून. थेंबांमध्ये १ मिलीत १०० मिलिग्रॅम औषध असतं, साध्या सिरपमध्ये ५ मिलीत १२५. म्हणजे थेंब चौपट तेज. डॉक्टरांनी सिरप २ मिली सांगितलं आणि झोपेत हाताला थेंबांची बाटली लागली तर काय होईल ते बघा. दोन्ही बाटल्या एका कपाटात ठेवू नका. औषध देण्याआधी लेबलचा आणि भरलेल्या सिरिंजचा फोटो आईला पाठवा, मगच द्या. तीन महिन्यांच्या आतल्या बाळाला १००.४ फॅरनहाइटच्या वर ताप गेला तर घरी औषध देत बसायचं नाही, रात्र असो की पहाट, डॉक्टरांना फोन.

आणि बाळ छातीवर घेऊन सोफ्यावर टेकायचं नाही. डोळा लागतो आणि बाळ गादीच्या फटीत घसरतं. डोळे मिटायला लागले तर बाळाला त्याच्या पाळण्यात उताणं ठेवा. रडलं तर रडू द्या दोन मिनिटं, तिथे ते सुरक्षित आहे.

आपल्याकडे चार लेकरं वाढवलेली बाई बाळाला हातात घेते ते बघूनच आईला धीर येतो. तो हात हीच तुमची खरी कमाई. पण मध चाटवणं, सहा महिन्यांच्या आत पाणी पाजणं, काजळ, नाका-कानात तेल, ओवा-बाळंतशेपाची धुरी, डोक्याखाली मोहरीची उशी हे सगळं गावी ठेवून जा. वर्षाच्या आत मधाने बाळाला बोटुलिझम नावाचा गंभीर आजार होऊ शकतो आणि धुराने श्वास कोंडतो. मालिश जरूर करा, मात्र दूध पिऊन अर्धा-पाऊण तास झाल्यावर आणि सांधे न ओढता.

प्रसिद्ध घराचं वेगळेपण दाराबाहेर सुरू होतं. विमानतळावर, शाळेच्या फाटकाशी कॅमेरेवाले उभे असतात. बाळाचा चेहरा दिसू द्यायचा की नाही, हे पहिल्याच दिवशी आईबापांना विचारून घ्या. नको असेल तर बाळाचं तोंड आपल्या खांद्याकडे करून चालायचं, थांबायचं नाही, आणि "बाळ किती महिन्यांचं?" या प्रश्नालाही उत्तर द्यायचं नाही. स्टेटसला खिडकीबाहेरच्या समुद्राचा फोटोसुद्धा नको, त्यावरून इमारत ओळखू येते. गावाकडे व्हिडिओ कॉल आपल्या खोलीतूनच करा, आणि घरच्यांनाही बजावा की कोणाकडे काम आहे ते पारावर सांगत बसू नका.

गुप्ततेचा करार बहुतेक घरांत सही करून घेतात. त्यात गैर काही नाही, वाचून, कोणाकडून समजून घेऊन सही करा, एक प्रत मागा. पण मारहाण किंवा छेडछाड झाली तर कुठलाही करार पोलिसांकडे जाण्यापासून अडवू शकत नाही. लैंगिक छळाविरुद्धचा २०१३ चा कायदा घरकाम करणाऱ्या बाईलाही लागू आहे. तक्रार जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे, घटनेपासून तीन महिन्यांत करायची असते. बाळाच्या खोलीत कॅमेरा असणारच, तो तुमच्याही फायद्याचा. तुमच्या कपडे बदलण्याच्या जागी तो नाही ना, हे मात्र स्पष्ट विचारा.

कागदांचं थोडक्यात. पोलीस पडताळणीसाठी आधारची झेरॉक्स द्या, तिच्यावर कारण आणि तारीख लिहा, मूळ कार्ड एजन्सीकडे सोडू नका. तुमच्याकडूनच डिपॉझिट मागणारी एजन्सी टाळा. पगार स्वतःच्या खात्यात. १८ ते ६० वय असेल तर २००८ च्या कायद्याने झालेल्या घरेलू कामगार कल्याण मंडळात नोंदणी करा. परदेशी न्यायचं म्हणाले तर दहावीची सनद शोधून ठेवा, ती असली की पासपोर्टवर ईसीआर (कामाला परदेशी जाण्याआधी सरकारी परवानगी लागेल, अशी नोंद) लागत नाही. आणि पासपोर्ट स्वतःजवळच.

रजेबाबत आपली अडचण कोकणातल्या बाईपेक्षा वेगळी. देवगिरीने किंवा लातूर एक्स्प्रेसने एक रात्र जायला, एक यायला, म्हणून आठवड्याची एक सुट्टी गावी जायला निरुपयोगी. सुट्ट्या साठवून दोन महिन्यांनी पाच दिवस सलग मागा. आरक्षण ६० दिवस आधी उघडतं, तेव्हा दिवाळीची तारीख श्रावणातच पक्की करून घ्या.

पहिल्या दिवसापासून एक वही ठेवा : वेळ, दूध किती मिली, लघवी, शी, झोप, औषध. पहिल्या आठवड्यानंतर दिवसाला सहा ओले डायपर म्हणजे दूध पोटात जातंय. तुमच्या झोपेचे तासही त्याच पानावर शेवटच्या रकान्यात लिहा. महिनाअखेरीला आईसमोर ते पान ठेवलं की रात्रीची दुसरी बाई मागताना आवाज चढवावा लागत नाही. काम सोडताना ती वही पुढच्या बाईला द्यायची, घरात आणलेल्या आणि नेत असलेल्या सामानाची यादी आईकडून बघून घ्यायची, भेट मिळालेली साडी किंवा चांदी असेल तर "ही मी दिली" एवढा मेसेज मागून घ्यायचा, आणि पगार खात्यात जमा झाल्याचा एसएमएस बघूनच बॅग उचलायची.