फरशा नंतर बदला

ऑगस्ट 2019 मध्ये आमच्या घरात पाणी आलं ते दारातून नाही, मोरीतून. आधी झुरळं वर आली, मग जाळीतून बुडबुड आवाज, आणि तासाभरात आईच्या खाटेचे पाय पाण्यात. बेळगावातल्या वडगाव-शहापूरच्या शिवारात बळ्ळारी नाला पसरतो, पण आमची गल्ली त्याच्यापासून बरीच वर. नालाच यंदा फार फुगला, अशी आम्ही समजूत घालून घेतली. पुढच्या वर्षी नाला निवांत असताना एका संध्याकाळच्या सरीनं पुन्हा तेच झालं.

फुगलेल्या फरशा काढायला मेस्त्रीला बोलावलं. तो म्हणाला, "काका, फरशा नंतर बदला. पाणी कुठनं येतंय ते बघा की आधी." त्यानं लेव्हल बघायची पाणी भरलेली पारदर्शक नळी काढली, एक टोक उंबऱ्याला धरलं, दुसरं रस्त्यावर. रस्ता सहा इंच वर! डांबरावर डांबर, त्याच्यावर काँक्रीट. पूर्वी घरात यायला तीन पायऱ्या चढाव्या लागत. त्या एकेक करून गेल्या तेव्हा आईच्या गुडघ्यांना बरं झालं, असंच मी म्हणत होतो.

गल्लीच्या टोकाला रस्त्याखालून एक फुटी ह्युम पाईप, म्हणजे सिमेंटचा जाड पाईप, जातो. टॉर्च मारून पाहिलं तर अर्धा गाळानं भरलेला, आणि मधोमध कुणीतरी आडवी घातलेली पाण्याची लाईन. तिला पिशव्या आणि गणपतीच्या मखराचं थर्माकोल अडकलेलं.

मग मी हिशोबाला बसलो. एक मिलिमीटर पाऊस म्हणजे चौरस मीटरला एक लिटर. आमच्या गल्लीकडे जिथलं पाणी उतरतं तो भाग धरा दोन एकर. परसं गेली, अंगणात पेव्हर आले, म्हणजे मुरणार जवळपास काहीच नाही. तासात 30 मिलिमीटर पडला तर सुमारे 2.4 लाख लिटर, म्हणजे दहा हजार लिटरचे चोवीस टँकर त्या अर्ध्या पाईपातून जायला हवेत. हवामान खात्याच्या भाषेत 'जोरदार पाऊस' 24 तासांत 64.5 मिलिमीटरपासून सुरू होतो. तेवढा दिवसभर झिमझिम पडला तर आमच्याकडे कुणी चप्पलही उचलत नाही. तोच दोन तासांत पडला की खाट उचलावी लागते. म्हणून दिवसाचा आकडा मी बघायचा सोडला. त्याऐवजी पुढच्या तीन तासांचा इशारा आणि गोव्याच्या डॉपलर रडारचं, म्हणजे पाऊस कुठे पडतोय ते दाखवणाऱ्या रडारचं, चित्र बघतो. खानापूरच्या बाजूनं जोरदार पावसाचा लाल ठिपका सरकताना दिसला की मोरीच्या तोंडावर वाळूची पोती.

पाईपासाठी महापालिकेला द्यायचा अर्ज शेजारच्या मुलीनं कन्नडमधून लिहून दिला, मला सहीपुरतंच येतं. सोबत नळीच्या लेव्हलचे फोटो, पाईपाचा फोटो आणि गल्लीतल्या सतरा घरांच्या सह्या. उत्तर नाही. मग माहिती अधिकार: दहा रुपये फी, एकच विषय, आणि कर्नाटकात 150 शब्दांची मर्यादा. ही मर्यादा मला फायद्याचीच पडली, नाहीतर मी झुरळांपासून सुरुवात केली असती. एवढंच विचारलं की हा पाईप शेवटचा कधी साफ केला आणि रस्ता करताना किती उंची ठरली होती. उंचीचं उत्तर गोलमाल आलं. पण पंधरवड्यात माणसं येऊन गाळ काढून गेली, आणि आडवी लाईन पुढच्या उन्हाळ्यात हलली.

रस्ता काही खाली येणार नाही. आम्ही ड्रेनेजच्या लाईनला पाणी उलटं येऊ न देणारा नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह बसवला, उंबरा आठ इंच उचलला. आईला पुन्हा पायरी आली, त्यावरून आठवडाभर बोलणी खाल्ली. गच्चीवर सरळ भिंतीची बाटली कापून पर्जन्यमापक केलाय, रीडिंग भाची घेते.

गेल्या जूनमध्ये एका तासात 34 मिलिमीटर भरला. मोरीत बुडबुड झाली, पाणी मात्र वर आलं नाही. मेस्त्रीला फोन केला. तो म्हणाला, "मग आता फरशा बघायला येऊ काय?"