ऊडनाडाटा ट्रॅक आणि आपली खड्डा चुकवायची सवय

जुलैच्या सुट्टीत दक्षिण ऑस्ट्रेलियातल्या ऊडनाडाटा ट्रॅकला जायचंय म्हणून ॲडलेडमधल्या आपल्या दोन-तीन जणांनी मला विचारलं, तर सगळ्यांसाठी एकदाच लिहून टाकते.

मारी ते मार्ला, साधारण ६२० किलोमीटर, कच्चा रस्ता, घान नावाच्या जुन्या रेल्वेमार्गाच्या कडेकडेने. पेट्रोल मारी, विल्यम क्रीक, ऊडनाडाटा आणि मार्ला, मधे दोन-दोनशे किलोमीटर काही नाही, मोबाईलला रेंज नाही. त्यामुळे पंप दिसला की टाकी फुल्ल, आणि पाणी माणशी रोज पाच लिटर तरी धरायचंच.

पण खरी गोष्ट वेगळी आहे. इथल्या रस्त्यावर कॉरुगेशन असतं, म्हणजे पन्हळी पत्र्यावरून गाडी चालवतोय असं वाटतं. ४० ला दात वाजतात, गाडीतला प्रत्येक नट खुळखुळतो, आणि मग कुणीतरी सांगतं की ८०-९० ला ने, स्मूथ होईल. होतं स्मूथ, खरंच होतं, पण ते अशासाठी की टायर नुसते उंचवट्यांच्या टोकांवरून उडत चाललेले असतात, जमिनीला धड टेकतच नाहीत, म्हणजे ब्रेक आणि स्टिअरिंग दोन्ही नावापुरते.

विल्यम क्रीकच्या पुढे आम्ही असेच ८५ ला होतो, मी चालवत होते. पुढे पाण्याने कापलेला खड्डा दिसला आणि माझे हात आपोआप उजवीकडे वळले. साताऱ्यात गाडी शिकलेय मी, खड्डा दिसला की कट मारायचा हे हातातच बसलंय. मागची बाजू सरकली, गाडी आडवी झाली आणि ग्रेडरने, म्हणजे रस्ता सपाट करणाऱ्या यंत्राने, कडेला लोटलेल्या मातीच्या बांधाला टेकून थांबली. धूळ इतकी की बॉनेट दिसेना. ती खाली बसायला लागली तेव्हा मागून धाकटीचा आवाज आला, "आई, थांबलो का आपण?" कुणाला काही लागलं नाही. अर्धा तास मी तिथून हलले नाही.

तेव्हापासून कच्चा रस्ता लागला की टायरची हवा ३८ पीएसआयवरून २८ करते, आणि कमी हवेवर गाडी पळवली तर टायर तापून फुटतो म्हणून वेगही उतरवते. डांबर लागलं की कॉम्प्रेसरने परत भरायची. खड्डा असो की कांगारू, स्टिअरिंग सरळ धरून ब्रेक, झटका द्यायचाच नाही, खडीवर गाडी उलटते ती त्या झटक्यानेच. कांगारू संध्याकाळी आणि पहाटे जास्त, म्हणून सूर्य मावळायच्या आत मुक्कामी.

रोड ट्रेन, म्हणजे मागे दोन-तीन ट्रेलर जोडलेला ट्रक, ५३ मीटरपर्यंत लांब असते, तिच्या धुळीत घुसून ओव्हरटेक करू नका. मागे राहा आणि यूएचएफवर (गाडीतल्या रेडिओवर) चॅनल ४० ला ड्रायव्हरशी बोला. पाऊस पडला तर रस्ता बंद करतात, बोर्ड डावलून गेलात तर मोठा दंड बसतो आणि चिखलात रुतलात तर ते वेगळंच. स्टेपनी शक्यतो दोन, जॅकखाली घालायला जाड फळी, मऊ मातीत जॅक नुसता आत जातो. गाडी बंद पडली तर गाडी सोडून चालत निघायचं नाही, सावलीला बसायचं, लांबून गाडी दिसते, माणूस दिसत नाही.

कॉम्प्रेसर माझ्याकडचा घेऊन जा. फक्त कुठल्या रात्री कुठे पोचणार ते मला लिहून द्या आणि पोचलात की मिळेल तिथून फोन करा. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत फोन आला नाही तर मी पोलिसांना कळवणार, हे आत्ताच सांगून ठेवते.