एक मीटर दहा मिलिमीटर

आमच्या आबांच्या हत्यारांच्या पेटीत एक पोलादी पट्टी होती. तिच्यावरच्या खुणा मोजल्या तर एक मीटर, आणि खरी लांबी एक मीटर दहा मिलिमीटर. नातवंडं शाळेची पट्टी शेजारी लावून बघायची आणि ओरडायची, "आबा, ही पट्टी खोटी हाय!" आबा मान वर न करता म्हणायचे, "खोटीच पायजे." कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरातल्या फौंड्र्यांना, म्हणजे ओतकामाच्या कारखान्यांना, लाकडी पॅटर्न करून देण्यात त्यांचं आयुष्य गेलं. पॅटर्न म्हणजे ओतायच्या वस्तूचा नमुना, तो वाळूत दाबून साचा उठवतात, आणि त्या धंद्यात ड्रॉइंगबरहुकूम मापाचा पॅटर्न म्हणजे बाद पॅटर्न.

बिडाचा (कास्ट आयर्नचा) रस साच्यात थंड होताना आकसतो, मीटरला साधारण दहा मिलिमीटर. म्हणून लाकूड तेवढं मोठं ठेवायचं. फ्लायव्हीलचा व्यास ६०० मिलिमीटर हवा असेल, तर लेथवर कापायला दोन्ही बाजूंनी तीन-तीन धरून ६०६ आणि त्यावर एक टक्का, म्हणजे ६१२. खोट्या पट्टीनं ६०६ मोजलं की लाकूड आपसूक ६१२ भरतं. ना गुणाकार, ना विसरायची भीती. एकाच नगाचे हजारो कास्टिंग, म्हणजे ओतीव नग, निघायचे असतील तर लाकूड टिकत नाही, पॅटर्नच ॲल्युमिनियमचा ओततात. मग लाकडी मूळ पॅटर्नला आकसण्याची सूट दोनदा धरावी लागते: ॲल्युमिनियमचे सुमारे तेरा आणि बिडाचे दहा, मीटरमागे तेवीस मिलिमीटर. नवा माणूस हटकून इथं चुकतो, आणि चूक कळते ती थेट मशिनशॉपमध्ये, कापायला धातू कमी पडला की.

हे सगळं डोक्यात बसवलं ते आपल्या शाळेच्या चित्रकलेच्या वर्गानं, असं आबा सांगत. एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट या दोन्ही परीक्षा त्यांनी इथूनच दिल्या. इंटरमिजिएटच्या घनभूमितीत वरून दिसणारा आणि समोरून दिसणारा आकार काढायचा असतो. पॅटर्नचं काम म्हणजे त्याच्याच उलटा प्रवास, कागदावरच्या दोन आकारांतून एक वस्तू उभी करायची. शाळेच्या या स्मरणिकेत त्यांच्यावर लिहायचं मुख्य कारण हेच.

लाकूड सागवान, तेही मुरलेलं. लाकूड रेषेच्या दिशेनं जवळजवळ हलत नाही, आडवं मात्र दमट हवेत फुगतं. कोल्हापूरच्या पावसाळ्यात अखंड फळीचं चाक कापलं तर आठवड्यात ते अंडाकृती होतं. म्हणून चाक तुकड्यांचं. एका थराला सहा तुकडे, त्यावर दुसरा थर, सांध्यावर सांधा न येऊ देता, विटांच्या भिंतीसारखा. आतल्या कोपऱ्यात मेणाची किंवा चामड्याची गोलाई भरायची. कोपरा टोकदार राहिला तर वाळू तिथंच ढासळते आणि कास्टिंगलाही तडा तिथूनच जातो. उभ्या भिंतींना एक-दोन अंशांचा टेपर, म्हणजे उतार, पॅटर्न वाळूतून सहज सुटावा म्हणून. शेवटी लाखेच्या पॉलिशचे तीन हात, म्हणजे ओली वाळू चिकटत नाही. मोल्डर, म्हणजे वाळूचा साचा करणारा, पॅटर्न सैल करायला हातोडी घालणारच. त्याला नावं ठेवण्यापेक्षा आबा ठोकायच्या जागी लोखंडी पट्टी बसवून देत.

खरी कसोटी कोअरची. कास्टिंग जिथं पोकळ हवं, तिथं साच्यात वाळूचा गाभा, म्हणजे कोअर, बसतो आणि बिडाचा रस त्या वाळूच्या चौपटीहून जड. रस ओतला की कोअर तरंगायला बघतो. त्याची टोकं अडकायला साच्यात ज्या खाचा लागतात, त्या पॅटर्नवरच्या कोअरप्रिंटनं, म्हणजे पुढं आलेल्या टोकांनी, उठतात. प्रिंट आखूड पडला की कोअर उचलला गेलाच. बाद माल समोर आला की मोल्डर पॅटर्नवाल्याला बोल लावतो आणि पॅटर्नवाला वाळूला. आबा आधी कास्टिंग फोडायला लावत. वरची भिंत पातळ आणि खालची जाड दिसली तर कोअर उचलला गेलेला, म्हणजे दोष बहुधा आपला. गुळगुळीत गोल भोकं दिसली तर वाळू ओली, वाफेला वाट मिळालेली नाही. आपला दोष निघाला की दुरुस्तीचे पैसे ते घेत नसत. घरात यावरून कुरबुर व्हायची, ती वेगळी.

२०१९च्या पुरात शुक्रवार पेठेतल्या घरात पाणी शिरलं आणि जुने पॅटर्न दोन दिवस बुडाले. सरसानं जोडलेले सगळे सुटले, कारण सरस पाण्यात विरघळतोच. फेविकॉलचे सांधे पांढरे पडले, पण बरेचसे टिकले. आबांनी तुकडे उन्हात टाकू दिले नाहीत. थेट उन्हात वरचा पापुद्रा आधी सुकतो आणि फळी वाकते. सावलीत, मध्ये काड्या घालून, वर वजन ठेवून त्यांनी ते महिनाभर सुकवले. चाकाचे मोजके तुकडे परत बसले, बाकीचे बंबात गेले.

आबा आता नाहीत. नातू कॉम्प्युटरवर आकार काढून १.०१ नं गुणतो आणि मशिन लाकूड कापतं. गोलाई आणि टेपर मात्र त्याला आठवणीनं टाकावे लागतात, मशिन ते मागत नाही.

ती पट्टी कुटुंबानं शाळेच्या चित्रकला वर्गाला दिली आहे. तिच्या दोन्ही टोकांना लाल रंग लावलाय. परीक्षेला कुणी चुकून ती उचलू नये, एवढ्यासाठी.