तापाच्या केसपेपरवर रक्तदाबाची नोंद

मराठवाड्यात तालुक्याच्या गावी दवाखाना चालवणाऱ्या डॉक्टरकडे "मला काही होत नाही, पण तपासून घ्या" असे म्हणत सहसा कोणी येत नाही. माणसे येतात ती ताप, कंबरदुखी, जुलाब किंवा लेकराचा खोकला घेऊन, आणि एका दिवसाची मजुरी बुडवून आलेल्या माणसाला निव्वळ तपासणीसाठी पुन्हा बोलावले तर तो येत नाही. म्हणून रोग होण्याआधीचे काम याच भेटीत उरकले पाहिजे, असे माझे ठाम मत आहे. आरोग्य शिबिरे व्हावीतच, पण शिबिर संपल्यावर वाढलेल्या रक्तदाबाचा पाठपुरावा करणारे तिथे कोणी उरत नाही.

आमच्याकडे तिशी ओलांडलेल्या प्रत्येकाचा रक्तदाब आत येण्यापूर्वीच कंपाउंडर मोजतो आणि केसपेपरच्या वरच्या कोपऱ्यात लिहितो. आकडा १४०/९० च्या वर असला, तरी तो फार चढलेला नसेल तर लगेच गोळी न देता दुसऱ्या दिवशी पुन्हा मोजतो, कारण ताप, वेदना आणि धावपळ यांनीही तो वाढतो. घसा पाहण्यासाठी बॅटरी हातात असतेच. तिच्याच उजेडात गालाच्या आतला पांढरा चट्टा दिसतो, तोंड किती उघडते तेही कळते; चट्टा आणि कमी उघडणारे तोंड या दोन्ही तोंडाच्या कर्करोगाआधीच्या खुणा असू शकतात. "तंबाखू खाता का?" या प्रश्नाला बायका नाही म्हणतात, पण "मिश्री लावता का?" असे विचारले की खरे उत्तर मिळते.

बीड जिल्ह्यात या कामाला ऋतूही आहे. दसरा-दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीच्या टोळ्या पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात जातात व हंगाम संपल्यावरच परततात. तोवर शुगरची गोळी फडावर कोण देणार? त्यामुळे निघण्याआधी महिन्या-दोन महिन्यांचा साठा, औषधांची नावे लिहिलेली चिठ्ठी आणि पायाच्या जखमेकडे दुर्लक्ष न करण्याची ताकीद एवढे तरी द्यावेच लागते.

सर्वांत मागे राहते ते गर्भाशयमुखाच्या कर्करोगाचे निदान, आणि याची मला मनापासून खंत वाटते, कारण त्याबाबतचा मोठा पुरावा आपल्याच भूमीतून आला आहे. तेव्हाच्या उस्मानाबाद, म्हणजे आताच्या धाराशिव जिल्ह्यात १९९९ मध्ये सुरू झालेल्या अभ्यासात ३० ते ५९ वयाच्या १,३१,७४६ स्त्रियांचा समावेश होता. त्याचे निष्कर्ष २००९ मध्ये प्रसिद्ध झाले: एकदाच केलेल्या एचपीव्ही (हा कर्करोग घडवणारा विषाणू) चाचणीमुळे या कर्करोगाने होणारे मृत्यू जवळपास निम्म्यावर आले. नातवाला लस टोचायला घेऊन आलेल्या आजीला आणि तिच्या सुनेला आमच्या सिस्टर आता बाजूला बसवून अंगावरून पांढरे जाते का, संबंधानंतर रक्त जाते का, हे विचारतात. त्रास असो वा नसो, तिशीच्या पुढच्या प्रत्येकीला सरकारी रुग्णालयातल्या तपासणीची चिठ्ठी देतात, आणि ती जाऊन आली की नाही हे पुढच्या डोसच्या दिवशी पुन्हा विचारतात.