पंगतीतला पाट

गेल्या पावसाळ्यात एका बिल्डरसाठी केलेलं काम अजून डोक्यातून जात नाही. पैसे वेळेवर मिळाले, काम सुबक झालं, कोणाची तक्रार आली नाही. तरी लिहायला बसलोय.

मी इमारतींची मॉडेल्स बनवतो. लोअर परळच्या एका जुन्या इंडस्ट्रियल इस्टेटमध्ये आमचा गाळा आहे. सेल्स गॅलरीतलं मॉडेल तुम्ही पाहिलं असेल. त्यात बिल्डरची इमारत रंगीत असते, आतून दिवे लागलेले असतात. शेजारची चाळ मात्र पारदर्शक ॲक्रिलिकचा ठोकळा होते आणि चाळीमागच्या झोपड्यांच्या जागी हिरव्या पावडरीचं गवत उगवतं. हे या धंद्यात सगळेच करतात, मीही करतो. पण वीस वर्षांत एका गोष्टीला मी हात लावू दिला नव्हता. स्केल. झाड खोटं असेल, उंची खोटी नसते.

मार्केटिंगच्या साहेबांची कल्पना अशी होती: लांबलचक टेबल, त्यावर जगातले सात नामांकित टॉवर आणि आठवा आपला. वर पाटी, ‘जगाच्या पंगतीत आपण’. स्केल मी सुचवलं, 1:1000. म्हणजे एक मीटरला एक मिलिमीटर, हिशेब सोपा. त्यांनी मान डोलावली. हा हिशेब त्यांनी तेव्हाच करून पाहायला हवा होता.

पुढचे अठरा दिवस मात्र मी आयुष्यातलं सर्वांत आनंदाचं काम केलं.

सुरुवात न्यूयॉर्कच्या क्रायस्लरपासून, 319 मिलिमीटर. वॉल स्ट्रीटवरच्या एका इमारतीशी तिची उंचीची शर्यत लागली होती. क्रायस्लरवाल्यांनी टोकाची सुई इमारतीच्या आतच गुपचूप जोडली आणि 1929 च्या ऑक्टोबरात वर काढली. समोरच्याला उत्तर द्यायला वेळच उरला नाही. दीड वर्षाच्या आत एम्पायर स्टेट उभी राहिली, 381. तिच्या माथ्यावरचा खांब एअरशिप, म्हणजे वायू भरलेली तरंगती जहाजं, बांधायला आहे असं तेव्हा सांगितलं होतं. त्या उंचीवरच्या वाऱ्यात ते जमणारच नव्हतं. खांब राहिला, उंची राहिली, आणि मंदीमुळे त्याखालचे बरेच मजले कित्येक वर्षं भाडेकरूंची वाट बघत राहिले.

शिकागोचा सिअर्स टॉवर, आताचा विलिस, माझा लाडका. ढाक्यात जन्मलेल्या फझलुर रहमान खान यांनी त्याचा सांगाडा रचला. नऊ चौकोनी नळ्या एकमेकींना धरून उभ्या. दोन पन्नासाव्या मजल्यावर थांबतात, दोन सहासष्टाव्या, तीन नव्वदाव्या, आणि उरलेल्या दोनच माथ्यापर्यंत जातात. मी 23 मिलिमीटर जाडीच्या नऊ काळ्या कांड्या कापल्या, जोडल्या, झालं मॉडेल. त्याला नक्षी नाही, मुकुट नाही. वाऱ्याला तोंड कसं द्यायचं याचं उत्तर हाच त्याचा चेहरा. 442. आमच्या गाळ्याच्या दारातून जी वर्ल्ड वन दिसते, तीही आधी 442 मीटरचीच ठरली होती. विमानतळवाल्यांनी तेवढी उंची मंजूर केली नाही, म्हणून 280 वर थांबली.

पेट्रोनास या मलेशियातल्या जोडमनोऱ्याने सिअर्सला 10 मीटरने मागे टाकलं, तेही शिखरांच्या जोरावर. सिअर्सच्या अँटेना त्याहून वर जात होत्या, पण नियम असा की शिखर धरायचं, अँटेना धरायची नाही. क्वालालंपूरमध्ये यावरून अभिमान आणि शिकागोत चरफड. मला मात्र त्याचा तळाचा नकाशा आवडतो. दोन चौकोन एकमेकांवर तिरपे ठेवून होणारा आठ टोकांचा तारा, इस्लामी नक्षीतला. ज्या देशाला आपली ओळख बाहेरून उसनी घ्यायची नव्हती, त्याने ती थेट पायाच्या नकाशात घातली. दोन मनोऱ्यांमधला पूल 58 मीटरचा, जमिनीपासून 170 वर. खरा पूल मनोऱ्यांना घट्ट जखडलेला नाही. मनोरे डोलतात, तेव्हा त्याला सरकायला जागा लागते. म्हणून मीही तो चिकटवला नाही, नुसता टेकवला.

तैपेई 101 मध्ये आठ-आठ मजल्यांचे आठ टप्पे, बांबूच्या पेरांसारखे. आठ हा चिनी लोकांचा भरभराटीचा आकडा. आत वरच्या मजल्यांत 660 टनांचा पोलादी गोळा टांगलाय, वादळात इमारत एकीकडे झुकली की तो दुसरीकडे ओढतो. त्याचा व्यास साडेपाच मीटर. सायकलच्या दुकानातून साधारण तेवढ्या मिलिमीटरचा छर्रा आणला आणि दोऱ्याला बांधून आत सोडला. बाहेरून तो कोणालाही दिसणार नव्हता. आमच्या मिस्त्रीकाकांनी विचारलंही नाही कशाला, दोरा ओवून दिला.

शांघाय टॉवरने माझा घाम काढला. तो वर जाताना 120 अंशांत पीळ घेतो, त्यामुळे वाऱ्याचा भार जवळपास पाव हिश्शाने कमी होतो. मी 5 मिलिमीटरच्या 120 चकत्या कापल्या आणि प्रत्येक एकेक अंशाने फिरवून बसवली. ॲक्रिलिक आम्ही क्लोरोफॉर्मने जोडतो, सिरिंजने फटीत थेंब सोडून. हवेत दमटपणा असला की जोड पांढुरका पडतो, दुधाचा ओघळ आल्यासारखा, आणि तो डाग जात नाही. जुलैत परळमध्ये कोरडी हवा कुठून आणायची? चाळीस चकत्या फेकल्या. शेवटी खिडक्यांना प्लास्टिक ठोकलं, एसी लावला आणि रात्री दोन ते पाच एवढ्याच वेळात जोडकाम केलं.

शेवटचा बुर्ज खलिफा, 828. तीन पंख, पाळीपाळीने आखूड होत जाणारे, म्हणजे कुठल्याच उंचीवर वाऱ्याला एकसारखा आकार सापडत नाही. दुबई कर्जात अडकली, अबूधाबी मदतीला आली, आणि 4 जानेवारी 2010 ला उद्घाटनाच्या दिवशी ‘बुर्ज दुबई’चा ‘बुर्ज खलिफा’ झाला. एवढ्या उंच इमारतीवर नाव शेवटी मदत करणाऱ्याचं लागलं. शेवटच्या वापरातल्या मजल्याच्या वर 244 मीटर नुसतं टोक आहे, तिथे कोणी राहत नाही. मी ते पितळी नळीत केलं.

मग आठवी इमारत. 260.

साहेब तपासायला आले त्या दुपारी पाऊस कोसळत होता. आठही मॉडेल्स टेबलावर होती. ते बुर्जपासून चालत शेवटापर्यंत आले आणि गप्प झाले. त्यांचा अख्खा टॉवर बुर्जच्या रिकाम्या टोकापेक्षा फक्त 16 मिलिमीटरने उंच होता.

“आपली एवढीशी?”

“आहे तेवढीच आहे, सर.”

“आपलं फक्त 1:500 करा ना. कोण पट्टी लावतंय?”

मी नाही म्हणालो. माझा आवाज चढला, हे कबूल करतो. तळाशी पितळी पट्टी आहे, त्यावर ‘सर्व मॉडेल्स 1:1000’ असं लिहिलंय, ते खोटं मी लिहिणार नाही. बरोबर आलेली आर्किटेक्ट मुलगी जमिनीकडे बघत होती. तिला कळत होतं, पण नोकरी होती. साहेबांनी फोन काढला, दुसऱ्या मॉडेलवाल्याला लावतो म्हणाले. माझे तीन कारागीर मागे उभे होते, गणपती महिन्यावर आलेले. आणि तोडगा मीच काढला, कोणी मागितला नव्हता.

“खाली चौथरा देतो. काळा ग्रॅनाइट फिनिश. इमारत आहे तेवढीच राहील, दिसेल उठून.”

साहेब खूश झाले. मी मनातल्या मनात वजाबाकी केली आणि चौथरा 190 चा कापला. 450. पेट्रोनासच्या खांद्याला खांदा.

रात्री चौथऱ्याला पॉलिश मारताना मिस्त्रीकाका एवढंच म्हणाले, “दादा, पंगतीत एकट्यालाच पाट?”

उद्घाटनाच्या दिवशी मला गॅलरीत जावं लागलं, कारण टेम्पोच्या हादऱ्याने पेट्रोनासचा पूल सरकला होता. चिमटा घेऊन मी टेबलाशी वाकलो होतो. पलीकडे साठीचं एक जोडपं उभं होतं. काकांनी ब्रोशर आडवं धरलं, त्याची कड आपल्या टॉवरच्या टोकाला टेकवली आणि डोळा बारीक करून पेट्रोनासकडे पाहिलं. “बघ,” बायकोला म्हणाले, “मलेशियाच्या टॉवरएवढा.” काकूंनी वाकून पितळी पट्टी वाचली. “हो गं बाई, सगळं एकाच मापाचं आहे.” मग माझ्याकडे वळल्या. “तुम्हीच केलंत का हे? किती नाजूक काम आहे.”

मी पूल जागेवर टेकवला आणि “हो” म्हणालो.