दुपारी चुकणारा काउंटर

मायक्रोवेव्ह फ्रिक्वेन्सी काउंटर, म्हणजे अशा सिग्नलची फ्रिक्वेन्सी मोजणारं यंत्र, माझ्याकडे दुरुस्तीला येतं तेव्हा बहुतेक वेळा तक्रार ठरलेली असते: "काही दाखवतच नाही." अशा वेळी सिग्नल आत शिरतो तिथेच बसवलेला सॅम्पलर, म्हणजे सिग्नलचे नमुने घेणारा भाग, कुणीतरी अ‍ॅटेन्युएटर (सिग्नल कमी करणारा जोड) न लावता जादा पॉवर देऊन उडवलेला असतो. याचं मला दर वेळी वाईट वाटतं, कारण जुन्या मॉडेलांचे सॅम्पलर आता दुसऱ्या भंगार काउंटरमधून काढले तरच मिळतात. मे महिन्यात बडोद्यातल्या मकरपुरा जीआयडीसीतून, म्हणजे तिथल्या औद्योगिक वसाहतीतून, आलेल्या काउंटरची तक्रार मात्र निराळी होती. तो सकाळी बरोबर दाखवायचा आणि दुपारी चुकायचा.

कारखाना छोटा. १०.५२५ गिगाहर्ट्झचे ऑसिलेटर (ठरावीक फ्रिक्वेन्सी तयार करणारे) मॉड्यूल बनवतात, आपोआप उघडणाऱ्या दारांच्या सेन्सरमध्ये बसतात ते. तपासणी विभागाच्या ताई स्वतः काउंटर घेऊन दांडिया बाजारात माझ्याकडे आल्या. "दादा, याचा क्रिस्टल गेलाय. तेवढा जुळवून द्या. दुपारच्या पाळीतला निम्मा माल रिजेक्टच्या खोक्यात चाललाय." सोबत दुसऱ्या एका लॅबचं प्रमाणपत्र होतं, ताजं, सगळे आकडे मर्यादेत.

क्रिस्टल म्हणजे काउंटरला वेळेचा ठेका देणारा भाग; त्याच्यावर बोट ठेवणं सगळ्यांनाच सोपं जातं. मी त्यांना विचारलं, चुकतो म्हणजे किती? त्यांनी वही उघडली. बाईंची वही फार नीट होती, प्रत्येक मॉड्यूलचा आकडा वेळेसकट लिहिलेला. १०,५२५ मेगाहर्ट्झच्या जागी १०,८७४. पुन्हा १०,८७४. एकाच ठिकाणी ११,२२३, आणि ती नोंद दुपारी तीनची.

वजाबाकी करून पाहिली. फरक ३४९ मेगाहर्ट्झ, आणि तीनच्या नोंदीत बरोबर त्याच्या दुप्पट, ६९८. इथेच क्रिस्टल निर्दोष सुटला. तापमान स्थिर ठेवणाऱ्या ओव्हनमधला चांगला क्रिस्टल दहा कोटीत एक भाग सरकला, तर १०.५२५ गिगाहर्ट्झवर फरक पडतो जेमतेम शंभरेक हर्ट्झचा. ३४९ मेगाहर्ट्झ चुकायला १० मेगाहर्ट्झचा क्रिस्टल तीन टक्क्यांहून जास्त सरकावा लागेल. तसं होत नाही. तरी जीपीएसवर बांधलेल्या माझ्या संदर्भ फ्रिक्वेन्सीशी ताडून पाहिलं, टाइमबेस, म्हणजे क्रिस्टलचा तो ठेका, ठणठणीत होता. तो मी हलवला नाही. प्रमाणपत्रावर खूण झालेला टाइमबेस उगाच फिरवणं मला मान्य नाही.

मग ३४९ कुठून आला? या जातीचा काउंटर दहा गिगाहर्ट्झ थेट मोजत नाही, तेवढ्या वेगाने मोजणारी सर्किटं त्यात नसतातच. तो आतल्या ऑसिलेटरपासून हार्मोनिकांचा, म्हणजे त्याच्या पटीतल्या फ्रिक्वेन्सींचा, कंगवा तयार करतो. हा ऑसिलेटर ३५० मेगाहर्ट्झपासून अर्ध्या-अर्ध्या मेगाहर्ट्झने खाली येत जातो आणि कंगव्याचा एखादा दात सिग्नलच्या जवळ आला की दोघांतला फरक मोजता येण्याजोगा उरतो. १०,५२५ ला तो ३४९ वर थांबतो: तिसावा दात १०,४७०, वर उरले ५५. बेरीज १०,५२५. पण हा तिसावाच दात आहे हे काउंटरला कसं कळतं? त्यासाठी आत दुसरा ऑसिलेटर असतो, पहिल्यापेक्षा नेमका ५०० किलोहर्ट्झ खाली. त्याच्यावर गेलं की उरलेला फरक ५५ वरून ७० होतो. पंधरा मेगाहर्ट्झ वाढले, भागिले अर्धा, म्हणजे तीस.

चूक ३४९ ची आणि तिच्या दुप्पटीची, म्हणजे काउंटर एक किंवा दोन दात जास्त मोजत होता. मोजमाप ठीक होतं, दातांची गणती बिघडली होती. गणती त्या ५०० किलोहर्ट्झवर उभी. हिशोब केला: तिसाव्या दाताला हे अंतर ५०८ च्या थोडं वर गेलं की भागाकार एकतीसकडे झुकतो. दोन गिगाहर्ट्झला सहावाच दात लागतो, तिथे ५४१ पर्यंत काही बिघडत नाही. म्हणून खालच्या फ्रिक्वेन्सीला तपासणाऱ्याला हा दोष दिसलाच नसता.

माझ्या खोलीत एसी २३ अंशांवर असतो. तिथे काउंटर तासन् तास अचूक चालला. प्रमाणपत्र देणाऱ्याकडेही असंच झालं असणार, त्याने खोटं काही लिहिलेलं नव्हतं. पण ताईंच्या शेडवर पत्रा आहे आणि बडोद्यातला मे आहे. मी एसी बंद केला, काउंटरवर पुठ्ठ्याचं खोकं पालथं घातलं, फक्त पंख्याची जागा मोकळी ठेवली, आणि हवी ती फ्रिक्वेन्सी देणाऱ्या सिंथेसायझरवरून १०,५२५ दिलं. खोक्यातला थर्मामीटर ४४ वर गेला आणि डिस्प्लेवर आलं १०,८७४. ताई उभ्याच राहिल्या. "हेच! हेच येतं आमच्याकडे!" त्याच वेळी सिंथेसायझर दोन गिगाहर्ट्झवर आणला, तर बरोबर दोन.

झाकण उघडून दोन्ही ऑसिलेटर, फ्रिक्वेन्सी पडद्यावर दाखवणाऱ्या स्पेक्ट्रम अ‍ॅनालायझरवर घेतले. पहिला ३४९.००० वर खिळलेला. दुसरा ३४८.५०० वर हवा, तो ३४८.४९० वर, आणि गरम होईल तसा आणखी खाली घसरत होता. लॉक, म्हणजे त्याला ठरलेल्या फ्रिक्वेन्सीवर धरून ठेवणारी पकड, सुटलेला. त्याची फ्रिक्वेन्सी ठरवणारी ट्यूनिंग लाइन पाहिली तर व्होल्टेज कमाल मर्यादेला टेकलेलं, आणि ती मर्यादाच खाली आलेली: बोर्डावरची १५ व्होल्टची लाइन १३ च्या आसपास. ३५० च्या जवळ या ऑसिलेटरला सगळ्यात जास्त ट्यूनिंग व्होल्टेज लागतं, म्हणून तिथेच तो कमी पडत होता.

कूलिंग स्प्रेची नळी घेऊन एकेक भागावर थोडा थोडा फवारा मारत गेलो. कपॅसिटर, काही नाही. ऑप-अँप, काही नाही. १५ व्होल्टची लाइन देणाऱ्या रेग्युलेटरच्या पायावर मारला आणि डिस्प्ले एका झटक्यात १०,५२५ वर आला. भिंगाखाली त्या पायाभोवती केसाएवढी गोल भेग दिसली. ड्राय सोल्डर, म्हणजे पकड सुटलेला टाका. तो टाका जुनं सोल्डर पूर्ण शोषून नव्याने घातला, शेजारचे दोन टाकेही संशय म्हणून नवे केले. १५ व्होल्ट परत आले. पुन्हा खोकं घातलं, संध्याकाळपर्यंत ठेवलं, १८ गिगाहर्ट्झपर्यंत प्रत्येक टप्पा गरम अवस्थेत घेतला. अठराला बावन्नावा दात लागतो, तिथे पाच किलोहर्ट्झची ढिलाईही चालत नाही. सगळे आकडे जागेवर.

माझ्या प्रमाणपत्रात २३ अंशांच्या तक्त्याखाली ४४ अंशांचा वेगळा तक्ता जोडला. कुणी मागत नाही तो, पण शेडमध्ये वापरायच्या यंत्राला तो असायलाच हवा असं माझं ठाम मत आहे.

ताईंनी रिजेक्टची खोकी दुसऱ्याच दिवशी परत तपासायला घेतली. मीही गेलो, मला ते पाहायचंच होतं. भर दुपारी, पत्र्याखाली, मॉड्यूलमागून मॉड्यूल १०,५२५ च्या आसपास दिसत गेली. मोजकी खरोखरच मर्यादेबाहेर निघाली. एक बारा मेगाहर्ट्झ वर होतं. नंतर त्याचा स्क्रू फिरवून जुळवायचं म्हणून ते उचलताना ताई म्हणाल्या, "हे खरं रिजेक्ट बघा दादा," आणि ते वेगळं काढून ठेवलं.